पाचाचं बटण

९ मार्च

हिंदुराव सकाळी येऊन गेला. चहा नको म्हणाला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. भोसरीत त्याचं गिअर कापायचं वर्कशॉप आहे, मशीनं जुनी आहेत. तिरप्या दातांचा गिअर कापायचा तर मशीनला कोणती चाकं जोडायची याचं गणित करावं लागतं, आणि ते गणित आमची कंपनी बंद पडल्यापासून कस्तुराच त्याला घरबसल्या करून देते. तो फोनवर दातांचा कोन सांगतो. ती तिच्या जुन्या प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरमध्ये तो घालते, स्वतः रचलेला प्रोग्रॅम चालवते आणि उत्तर सांगते. आजवर एकदाही चुकली नाही. या वेळी उत्तर चुकलं. चाकणच्या कंपनीनं अख्खा लॉट परत पाठवला.

"वहिनी, म्या सतरा पॉइंट सात पाच सांगितलं व्हतं," हिंदुराव म्हणाला. "तुमचं उत्तर सतरा पॉइंट सातचं हाय. शेवटचा पाच ऱ्हायला."

"पाचाचं बटण लागत नाही हल्ली," कस्तुरा म्हणाली.

"आसं व्हय! मंग मशीनचाच दोष म्हना की." त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "नागसेनराव, तेवढं बघून घ्या. आमचं पोरगं लय दिवस मागं लागलंय, कॉम्प्युटरवर करू म्हनतंय. म्या म्हनतो, वहिनींचा आकडा हाय तोवर मला दुसरा नको. पन पुन्यांदा आसं झालं तर त्याच्यापुढं काय बोलू?"

तो गेल्यावर ती मोरीत हात धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

ऑपरेटरची चूक! हे दोन शब्द मी आयुष्यभर ऐकले आणि आयुष्यभर त्यांच्याशी भांडलो. कंपनीत भिमाजीची बोटं प्रेसखाली गेली तेव्हा व्यवस्थापनाच्या अहवालात हेच दोन शब्द होते. माणूस रक्तात पडलेला आणि कागद म्हणतो, निष्काळजीपणा. त्या चौकशीत टूलरूममधून एकटी कस्तुरा उभी राहिली. म्हणाली, "साहेब, बटण अडकतं. मी दाबून बघितलंय." साहेबांनी विचारलं, परवानगी कुणी दिली? ही म्हणते, "बटण चांगलं आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग दाबायला परवानगी कशाला लागते?" त्या दिवशी गेटसमोर मी जे बोललो ते लोकांना अजून आठवतं, पण बोलायला दारूगोळा तिनं दिला होता.

तेव्हा घरातली ही चौकशीही त्याच नियमानं होईल. आधी कामगाराचं म्हणणं खरं धरायचं, मग मशीन उघडायचं. तिच्या नावाला लागलेला हा डाग मी काढणार आहे.

१२ मार्च

मी दाबलं, लागलं. हलकेच दाबलं, जोरात दाबलं, कडेला दाबलं, नखानं दाबलं. दर वेळी पाच उमटला. यावरून बटण ठीक आहे असा निष्कर्ष व्यवस्थापनाचा माणूस काढेल. मी काढणार नाही. साहेब शॉपमध्ये आले की सगळी मशीनं शहाण्यासारखी वागतात, हे ज्यानं शिफ्ट केली आहे त्याला ठाऊक आहे.

मग तिला बसवलं. म्हटलं, घाल सतरा पॉइंट सात पाच. तिनं एक दाबला, सात दाबला, पॉइंट, पुन्हा सात. मग बोट तसंच वर राहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि पुढचं बटण दाबलं.

"बघा," ती म्हणाली. "नाही लागला."

नोंद: माझ्या हाताला लागतं, तिच्या हाताला लागत नाही. तिची बोटं सांध्यात वाकडी झालीत, दाब तिरका पडत असणार. बटणाखालचा पत्रा एका बाजूनं झिजला असणार. दिशा सापडली.

१६ मार्च

चहात मीठ पडलं. दोघंही हसलो. सगळे डबे सारखेच दिसतात, नावं चिकटवायला हवीत.

साक्षी आली होती. हिंजवडीतली नोकरी, सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर येते. आईजवळ बसून तिनं कॅल्क्युलेटरचा खेळ बघितला आणि मला गॅलरीत बोलावलं.

"बाबा, आईचं बोट पाचावर गेलंच नाही. मी नीट बघत होते."

"आधी माणसाला दोषी धरायचं, हे तुला कुणी शिकवलं?"

"दोषी कुठं धरतेय? मी म्हणतेय, डॉक्टरांना दाखवू."

"दाखवायचं ते मशीन दाखवू."

"तुम्ही गेटसमोर उभे नाही आहात, बाबा. आणि मी मॅनेजमेंट नाही, तुमची मुलगी आहे."

न जेवता गेली. माझा आवाज चढला होता, शेजारच्यांनी दार लोटून घेतलं. कस्तुरानं विचारलं, "तिची बस मिळाली का?"

बसचं काय मध्येच? असो. घरात भांडण झालं की माणूस काहीही बोलतो.

२१ मार्च

उघडला. तळाच्या चार रबरी पायांखाली चार बारीक स्क्रू आहेत. आत प्रत्येक बटणाखाली पत्र्याची फुगीर टिकली. दाबली की टक् करून खाली टेकते, सोडली की वर येते. पाचाची टिकली इतरांइतकीच लखलखीत निघाली. झीज दिसली नाही. तरी स्पिरिटनं सगळं पुसून काढलं.

सेलच्या तारेवर चिकटपट्टीचा एक जुना तुकडा होता, कस्तुराच्या हातचा. चारही कोपरे गोल कापलेले. ड्रॉइंगचे कागद बोर्डावर लावायची तेव्हापासूनची तिची सवय ही. कोपरा गोल असला की पट्टी उचकटत नाही म्हणते. आमच्या घरातली एकही चिकटपट्टी चौकोनी नाही. मी हसतो, ती कात्री काढते.

साफसफाईसाठी सेल काढावे लागले. सेल काढले की आतला प्रोग्रॅम पुसला जातो, हे मला माहीत होतं. काळजी केली नाही. सेल बदलले की ती तो पुन्हा घालतेच, एक डोळा दुधावर ठेवून, माझ्याशी बोलत बोलत. कुठं लिहिलेला नाही. "त्यात लिहायचं काय?" असं म्हणायची.

२२ मार्च

सकाळी दहापर्यंत ती कॅल्क्युलेटरपुढे बसून होती. सुरुवातीची बटणं भराभर दाबली, मला धीर आला. मग थांबली. पुसलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच.

"अहो, पुढं काय असतं?"

मला विचारते! मला, ज्याला साधं टक्क्यांचं गणित तिनं पाठ करून दिलं.

"तू सांग. तुझा प्रोग्रॅम आहे."

"पाच लागत नाही ना, म्हणून पुढचं येत नाही." पदरानं तिनं काच पुसली, बाळाचं तोंड पुसावं तशी. मग उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

तिचा प्रोग्रॅम मी पुसला. जगात तो एकाच जागी होता, असं मला आज सकाळपर्यंत वाटत नव्हतं. वाटत होतं दोन जागी आहे.

३० मार्च

पिंपरी कॅम्पात कुलदीपच्या दुकानात गेलो. जुने रेडिओ, टेप, काहीही दुरुस्त करतो. बाप हेच करायचा. त्यानं मीटरची टोकं लावली आणि पाचाचं बटण दाबत राहिला. दर वेळी मीटर वाजला.

"अंकल, एकदम ओके आहे. असा पीस आता बघायला मिळत नाही. ऑपरेट कोण करतं?"

झालं! त्याच्या काउंटरसमोर मी जे सुरू केलं ते थांबेना. म्हटलं, शंभर वर्षं झाली तरी तुमचा प्रश्न एकच, ऑपरेट कोण करतं? जिच्या आकड्यांवर शेकडो मशीनं फिरली, जिच्या एका साक्षीनं माणसाच्या तुटलेल्या बोटांना न्याय मिळाला, तिच्या हातावर शंका घेणारा हा मीटर कोण? मोबाइलची कव्हरं घ्यायला आलेली पोरं जमली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. एक जण व्हिडिओ काढत होता.

कुलदीपनं सगळं ऐकून घेतलं. पाण्याचा ग्लास दिला. म्हणाला, "माझे डॅडी पण सेम, अंकल. शेवटी शेवटी रोज म्हणायचे, दुकानाचं कुलूप कुणीतरी बदललंय."

मी म्हणालो, बदललंही असेल.

 त्यानं कॅल्क्युलेटर कागदात गुंडाळून दिला.

१४ एप्रिल

हे लिहायला नको होतं, पण लिहितो.

जयंतीची सभा. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची कस्तुराची. मी वाहवत गेलो की ती चष्मा काढून पुसते; म्हणजे आवरतं घ्या. इतक्या वर्षांत हा इशारा कुणाला कळला नाही. आज आवाज लागला होता. लोक पुढे सरकून ऐकत होते. चष्म्यासाठी त्या खुर्चीकडे बघितलं तर खुर्ची रिकामी.

वाक्य अर्धं सोडून मंचावरून उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा. माइक तसाच घरघरत राहिला.

ती मोरवाडीच्या स्टॉपवर सापडली. महिला मंडळाच्या इंदुताईंनी तिला सावलीत बसवलं होतं. "भाऊ, त्यांना काही बोलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "कंपनीची बस येईल म्हणतायत. फर्स्ट शिफ्ट आहे म्हणे."

ती बस त्या स्टॉपवर यायची बंद झाली त्याला साक्षीच्या वयाइतका काळ झाला असेल.

"अहो, तुम्ही इथं कसे?" कस्तुरा म्हणाली. "तुमचं गेटवर भाषण आहे ना?"

"झालं," मी म्हणालो.

"चांगलं झालं?"

"चांगलं झालं."

शेजारी बसलो. ती रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, बस उशिरा आहे आज. मी म्हणालो, हो, उशिरा आहे.

२३ एप्रिल

साक्षीचं ऐकलं. तिनं रजा काढली, तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी, बोलायला मऊ. घड्याळ काढायला सांगितलं. जिनं हयातभर ड्रॉइंगं काढली तिनं वर्तुळ सुरेख काढलं, कंपासशिवाय इतकं गोल की डॉक्टरसुद्धा बघत राहिली. मग आकडे सगळे एकाच बाजूला लिहिले.

"आजी, शंभरातून सात वजा करा बरं."

कस्तुरानं माझ्याकडे बघितलं. "मशीन आणलंय का?"

आणलं होतं. पिशवीतून काढून दिलं. कस्तुरानं कॅल्क्युलेटर मांडीवर घेतला, बटणांवरून बोटं फिरवली, फिरवत राहिली. मग टेबलावर ठेवून दिला.

"याचं पाचाचं बटण खराब आहे."

"या गणितात पाच कुठं येत नाही, आजी."

कस्तुरा खाली बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला उत्तर द्यायचं होतं. कलेक्टरला दिली, मंत्र्याला दिली, लाठी उगारलेल्या माणसाला उत्तरं दिली. या वेळी कॅल्क्युलेटर उचलून पिशवीत ठेवला.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते इथं लिहिणार नाही. काही दिवस बऱ्यापैकी जातील, म्हणाल्या, मधूनच एखादा अगदी चांगलाही जाईल. पण पुढं घसरणच आहे. त्यांच्या तोंडून ऐकताना घसरण हा शब्द किती साधा वाटत होता.

बाहेर आल्यावर साक्षी माझ्या खांद्याला डोकं लावून रडली. मी तिला थोपटलं. माफी मागायला हवी होती. उद्या मागेन.

२४ एप्रिल

कारणाशिवाय काही घडत नाही. हे मी बुद्धविहारात सांगितलं, चौकात सांगितलं, गेटसमोर सांगितलं. आणि त्याला नेहमी जोडायचो: कारण सापडलं की उपाय सापडतो. आज सकाळपासून सगळं शेल्फ खाली काढून बसलोय. पहिलं वाक्य जागोजाग आहे. दुसरं कुठं सापडत नाही. ते माझं मीच जोडलं होतं की काय?

पुस्तकं जमिनीवरच आहेत. उचलायचा उत्साह नाही.

२ मे

काल कामगार दिन. संघटनेची पोरं मोर्चाला न्यायला आली होती. बरं नाही सांगितलं. खाली घोषणा ऐकू आल्या, खिडकी लावून घेतली.

हिंदुरावचा फोन. परवा येतो म्हणाला, पोराचं आणि त्याचं एकदा काय ते ठरवायचंय. त्याला खरं सांगावं का? सांगितलं तर तो चांगला माणूस आहे, हळहळेल. पण कस्तुराला कळेल की त्याला कळलंय. ते तिला सोसणार नाही.

फोन तिनं ऐकला. तेव्हापासून माझं मनगट धरून बसली आहे.

"अहो, हिंदुराव काय म्हणतील? खरं सांगा, मी चुकले का? की बटणच गेलंय?"

"बघतो," मी म्हणालो.

"नीट बघा. मी चुकले असेन तर तसं सांगा. मी लोकांना तोंड दाखवते, लपवायचं नाही."

हे वाक्य माझंच आहे. वीस सभांत वापरलेलं. तिच्या तोंडून ऐकवत नाही.

३ मे

समोरच्यांनी खोटा पुरावा उभा केला तेव्हा मी त्यांना भर रस्त्यात नागडं केलं. स्वतः कधी केला नाही. हरलेल्या चौकशीतही नाही.

दुपारी ती झोपली तेव्हा कॅल्क्युलेटर उघडला. चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला आणि पाचाची टिकली उचलून तिच्याखाली लावला. वाकडा लागला, एक टोक दुमडलं. सेल घालून बघितलं. एक लागतो, सात लागतो, पाच लागत नाही. स्क्रू लावताना एक रबरी पाय कुठंतरी घरंगळला. पलंगाखाली शोधला, मिळाला नाही.

चौकशी संपली. दोष मशीनचा.

४ मे

हिंदुराव आला. कस्तुरा इस्त्रीची साडी नेसून बसली होती, साक्ष द्यायची असावी तशी ताठ. मी कॅल्क्युलेटर पुढे ठेवला आणि म्हणालो, तूच दाबून बघ.

त्यानं जाड बोटानं दाबलं. परत दाबलं.

"व्हय की! पार मेलंय बटन. वहिनी, म्या पोराला आधीच म्हनलं व्हतं, तुमच्या हातून न्हाई चुकायचं."

"मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," कस्तुरा म्हणाली. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! टूलरूमचा आवाज.

"पार्ट मिळंल का ह्याचा?"

"आता कुठला मिळतोय," मी म्हणालो.

"मंग ऱ्हाऊ द्या वहिनी. लय केलंत आमचं. आता करू दे पोराला कॉम्प्युटरवर. चुकलं तर शिव्या घालायला तुमच्याकडं आनतो त्याला."

"आणा," ती म्हणाली. "मशीनच गेलं, त्याला मी तरी काय करणार?" आणि चहा केला. चहात साखर बरोबर होती.

जिन्यापर्यंत सोडायला गेलो. चपला घालताना हिंदुराव वर न बघता म्हणाला, "नागसेनराव, त्या दिवशी फोनवर म्या दोनदा सांगितलं व्हतं, सात पाच. दोनदा त्या म्हनल्या, लिवलं." मग माझ्या दंडावर हात ठेवला. "जाऊ द्या. मशीनच गेलंय."

तो खाली उतरेपर्यंत मी कठड्याला धरून उभा होतो.

१९ मे

रोज विचारते, "झालं का दुरुस्त?" मी सांगतो, पार्ट येणार आहे. कधी दिवसातून चारदा. प्रत्येक वेळी तिला बरं वाटतं, म्हणून प्रत्येक वेळी सांगतो. मग गॅलरीत जाऊन उभा राहतो.

परवाचा दिवस मात्र अगदी जुन्यासारखा गेला. उठल्या उठल्या माझ्या शर्टाचं बटण तुटलंय हे तिनं बघितलं, सुई ओवली, लावून दिलं. "पुस्तकं जमिनीवर का?" म्हणून रागावली. मला वाचनालयात पिटाळलं, घरात बसून गंजताय म्हणाली. संध्याकाळी परत आलो तेव्हा शेल्फ लावून झालं होतं आणि तिचे डोळे लाल होते. कांदा चिरला, म्हणाली. भाजी दुधीची होती.

काल पुन्हा स्टॉपवर जायला निघाली.

आज सेल काढून ठेवावेत म्हणून कॅल्क्युलेटर हातात घेतला. वापर नसला की सेल गळतात आणि आतलं सगळं खातात. उलटा केला तर चारही रबरी पाय जागेवर. उघडला. पाचाच्या टिकलीखाली चिकटपट्टी होती. सरळ बसवलेली, कुठं सुरकुती नाही. चारही कोपरे गोल कापलेले.

तेवढ्यात तिची सावली उघड्या मशीनवर पडली.

"सापडला का दोष?" तिनं विचारलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. ती आज कुठल्या दिवसात होती, मला ओळखता आलं नाही.

"नाही अजून."

"असू दे," ती म्हणाली. "खूप शोधलंत. आता नका उघडू."

मी झाकण लावलं. तिनं स्क्रू एकेक करून माझ्या तळहातावर ठेवले.